कोरडा प्लग

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी बदली नांदेड जिल्ह्यातून औशाला झाली. मी जनावरांचा डॉक्टर. नव्या जिल्ह्यात पाट्या नव्या होत्या, माणसं मात्र इकडून तिकडून गोळा केलेली. लातूरला आमचं कार्यालय भाड्याच्या घरात होतं. स्वयंपाकघरात लसींचा फ्रीज ठेवला होता आणि मोरीत फायलींचे गठ्ठे. कागदांवर अजून उस्मानाबाद छापलेलं असायचं. ते खोडून वर लातूरचा शिक्का मारायचे, आणि शिक्क्याची शाई वाळायच्या आत कागद पुढं सरकवल्यानं लातूरही पुसट व्हायचं.

पाऊस मात्र जुना जिल्हा नवा जिल्हा काही बघत नव्हता. एक वर्ष त्यानं ओढ दिली, दुसऱ्या वर्षी तो फिरकलाच नाही म्हटलं तरी चालेल. औशात आम्ही एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढं त्यांचं दुकान होतं. त्यात दोर, खिळे, कंदिलाच्या काचा, सायकलचे टायर असलं सामान. मागच्या अंगणात आड होता. उन्हाळा लागला तसा त्याचा तळ दिसायला लागला, आणि मालकांनी घरातल्या सगळ्या बिऱ्हाडांना पाळी लावून दिली. स्वतःच्या घरालाही तीच पाळी. सकाळी कपाळाला भस्म लावून ते आडाच्या कठड्याशी उभे राहायचे आणि कुणाची बादली किती भरून आली हे न बघता आकाशाकडं बघायचे. भांडणं होऊ नयेत म्हणून त्यांनी काढलेली ती युक्ती असावी.

माझं लग्न नुकतंच झालं होतं. बायको मुदखेडची. तिचे वडील रेल्वेत गार्ड होते. मुदखेड जंक्शन असल्यानं रेल्वेच्या वसाहतीत पाणी यायचं, झाडं होती, दिवसातून कितीतरी गाड्यांचे आवाज यायचे. ती तिथल्याच एका शाळेत तात्पुरत्या नोकरीवर शिकवत होती. लग्नानंतर नोकरी सोडून ती औशाला आली. इथं ना शाळेत जागा, ना पाणी, ना ओळखीचं कुणी. तिनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. कामापुरतं बोलायची. आमच्यात भांडण नव्हतं. भांडायला जेवढी ओळख लागते तेवढी अजून झालेली नव्हती.

एक गोष्ट मात्र मी पाहत होतो. ती सगळं झाकून ठेवायची. माठावर ताटली, ताटलीवर ओला फडका. हंड्यावर परात. भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत आणि त्या बादलीवरसुद्धा पाट. मी एकदा म्हणालो, "ते तर झाडाला घालायचं पाणी आहे." ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत उडून जातं ना अर्धं." खरंच जात होतं.

मोटारसायकल मी बदली होऊन गेलेल्या एका ओव्हरसियरकडून घेतली होती. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकायचं. आवाज मोठा, पण गाडी तशी गुणी होती. तालुक्यात जनावरांच्या छावण्या सुरू झाल्या आणि माझं फिरणं वाढलं. पेट्रोल पुरेना. एकदा जेवताना मी म्हणालो, "ह्या उन्हात पेट्रोलसुद्धा उडून जातंय की काय कळंना. टाकीत भरलेलं जातं कुठं?" ती वाढत होती.

त्यानंतर आठवडाभरातच गाडीनं त्रास द्यायला सुरुवात केली. घरून निघताना एका किकमध्ये चालू व्हायची. दहा-बारा किलोमीटर नीट जायची. मग दम लागल्यासारखी व्हायची, मूठ पिळली तरी ओढायची नाही, आणि बंद पडायची. मग कितीही किक मारा, चालू होत नसे.

गाडी चालू होत नसली की आधी काय बघायचं ते मला माहीत होतं. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का बघायचं. मग प्लग काढायचा. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त येतंय, कोरडा असेल तर येतच नाही. प्लग वायरला लावून इंजिनाला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी बघायची. माझ्या गाडीला ठिणगी निळी, चांगली पडत होती आणि प्लग खडखडीत कोरडा होता. म्हणजे दोष पेट्रोलच्या वाटेवरच कुठंतरी. मी रस्त्याच्या कडेला बसून कार्बोरेटर खोलायचो. त्यातलं जेट काढून तोंडानं फुंकायचो, तरंगणारा फ्लोट हलवून बघायचो, त्याच्या सुईखाली कचरा बसलाय का बघायचो. कधी बारीक धूळ सापडायची. दुष्काळात धूळ कुठं सापडत नाही? सगळं पुसून परत बसवलं की गाडी चालू व्हायची. मला वाटायचं, सापडला दोष. पुढं दहा-बारा किलोमीटर गेलं की पुन्हा तेच.

औशातल्या गॅरेजवाल्यानं पेट्रोलचा पाइप बदलला, कॉक खोलून त्याची जाळी साफ केली, आणि गाडी दुकानापुढं दोन चकरा मारून दाखवली. "गाडीला काईच न्हाई डाक्टर सायब. पेट्रोलच खराब यायलंय सगळीकडं." दुकानापुढच्या दोन चकरांत ती बंद पडणारच नव्हती. मी पंप बदलला. लातूरहून भरून बघितलं. फरक पडला नाही. महिनाभर माझी बोटं पेट्रोलनं पांढरी पडलेली असायची आणि जेवताना भाकरीला तोच वास यायचा.

मे महिन्यात बायको म्हणाली, "मी मुदखेडला जाऊन येते."

"किती दिवस?"

"पाऊस पडेपर्यंत."

मी बरं म्हणालो. पाळीच्या दोन घागरींत दोन माणसांचं भागवण्यापेक्षा एकाचं सोपं, असा हिशेब तिनंही केला असेल आणि मीही. दुसरंही काही तिच्या मनात असेल. मी विचारलं नाही. ट्रंक तिनं आदल्या संध्याकाळीच भरून ठेवली.

त्याच दिवशी लातूरहून निरोप आला की घटसर्पाची लस आली आहे, घेऊन जा. घटसर्प हा गुरांचा वाईट रोग. गळ्याला सूज येते, श्वास घरघरतो आणि धडधाकट बैल एका दिवसात जातो. छावणीत गावोगावची जनावरं दावणीला दावण लावून बांधलेली असतात, तिथं तो शिरला तर थांबवणं अवघड. पावसाळ्याच्या तोंडाला तो येतो, म्हणून लस आधी द्यायची. लस थंड राहायला हवी, म्हणून बर्फ घातलेल्या मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये आणायची. एरवी दवाखान्यातला पट्टीबंधक मागं बसून थर्मास धरायचा. तो तापानं आजारी होता. मी ठरवलं, बायकोला सकाळी लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत बसवायचं, आणि लस घेऊन तसंच परत फिरून तेरणेकाठच्या छावणीत जायचं.

सकाळी निघालो. ट्रंक मागं कॅरिअरला दोरीनं बांधली, कपड्यांची मोठी पिशवी माझ्यापुढं टाकीवर ठेवली आणि तिचे बंद हँडलला अडकवले. औसा मागं पडलं आणि ठरल्यासारखी गाडी दमली. मी ती कडेला घेतली.

"किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"दहा-पंधरा मिनिटं. सवयीचं झालंय आता."

मी ट्रंक सोडून बाभळीखाली ठेवली आणि बायको पदर डोक्यावर घेऊन ट्रंकेवर बसली. मी प्लग काढला. कोरडा. ठिणगी बरोबर. कार्बोरेटर खोलला तर त्याच्या वाटीत पेट्रोलचा टिपूस नव्हता. जेट फुंकलं, सुई पुसली, सगळं बसवलं. किक मारली. काही नाही. परत मारली. दहा-बारा किका मारल्या, शर्ट पाठीला चिकटला, गाडी ढिम्म. असं आजवर झालं नव्हतं. एकदा साफ केलं की ती चालू व्हायचीच. मी पुन्हा सगळं खोललं, पुन्हा बसवलं. तेवढ्यात लातूरकडं जाणारी एस.टी. धुरळा उडवत गेली. बायकोनं उठून हात केला. गाडी थांबली नाही. ती परत ट्रंकेवर बसली.

"पेट्रोल आहे का तरी बघितलं का?" ती म्हणाली.

टाकीवर तिची पिशवी होती म्हणून मी त्या दिवशी झाकण उघडलंच नव्हतं. पेट्रोल काल भरलं होतं, असणारच. तरी पिशवी काढून बाजूला ठेवली आणि झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज झाला, हवा आत ओढल्यासारखा. आत पेट्रोल अर्ध्याच्या वर होतं. झाकण लावलं, किक मारली. गाडी चालू झाली.

मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. "झाली की," ती म्हणाली आणि ट्रंक उचलून आणली. मी ट्रंक बांधली, पण तो आवाज डोक्यातून जाईना.

लातूरच्या स्टँडवर पोचलो तेव्हा नांदेडची गाडी गेलेली होती. पुढची दुपारी. तिला स्टँडवर एकटं बसवून जाणं बरं दिसेना म्हणून कार्यालयात घेऊन गेलो. भांडारपालानं फ्रीजमधून बाटल्या काढून थर्मासमध्ये ठेवल्या, वर बर्फाचा चुरा घातला. म्हणाला, "बर्फ एवढाच मिळाला. उन्हं चढायच्या आत पोचा डॉक्टर. वाटेत कुठं थांबू नका."

वाटेत थांबू नका हे त्याच्यासाठी सोपं होतं. मी थर्मास कॅरिअरला बांधायला घेतला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"असा बांधलात तर उसळून उसळून फुटेल," ती म्हणाली.

"मग काय करू? धरायला कोण आहे?"

तिनं थर्मास माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "मी धरते. मुदखेडला उद्या जाईन."

"दुपारची गाडी आहे ना."

"उद्याही आहे."

ट्रंक आणि पिशवी आम्ही कार्यालयात मोरीतल्या फायलींशेजारी ठेवली. ती थर्मास मांडीवर घेऊन बसली आणि एक हात त्याच्याभोवती टाकून दुसऱ्यानं माझा खांदा धरला.

अर्ध्या वाटेवर गाडी पुन्हा दमली. आता मात्र मी प्लगला हात लावला नाही. सकाळपासून जे डोक्यात घोळत होतं ते एकदा बघायचं ठरवलं. बॅगेतून स्पिरिटची रिकामी बाटली काढली. कार्बोरेटरला लागणारा पाइप ओढून काढला आणि त्याचं तोंड बाटलीत धरलं. कॉक चालू होता. दोन थेंब पडले, बस. टाकी अर्धी भरलेली, पाइप नवा, कॉकची जाळी साफ, तरी पेट्रोल खाली येत नव्हतं.

"जरा ही बाटली धर," मी म्हणालो. तिनं थर्मास सावलीत ठेवला, त्यावर रुमाल टाकला, आणि खाली बसून बाटली धरली. मी टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स. बाटलीत पेट्रोलची धार लागली.

"आलं, आलं," ती म्हणाली. "भरली बाटली."

मी कॉक बंद केला. "आता बघ." बाटलीतलं पेट्रोल परत टाकीत ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि कॉक उघडून पाइप पुन्हा बाटलीत सोडला. आधी धार जाड होती. मग सुतासारखी बारीक झाली. मग थेंब थेंब. मग तेही थांबलं. झाकण उघडलं की परत धार.

महिनाभराचं कोडं तिथं रस्त्यावर सुटलं. टाकीतून पेट्रोल खाली जायचं तर त्याच्या जागी वरून हवा आत यायला पाहिजे. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकी आतून हवा ओढून धरते आणि पेट्रोल अडतं. आणि मी दर वेळी काय करत होतो? आधी झाकण उघडून पेट्रोल बघायचो, म्हणजे हवा आत जायची, दोष तिथंच मिटायचा. मग बसून कार्बोरेटर साफ करायचो आणि श्रेय कार्बोरेटरला द्यायचो. आज पिशवी आडवी आली म्हणून झाकण उघडलं नाही, आणि कार्बोरेटरची साफसफाई एकटी उघडी पडली.

मला वाटलं भोकात धूळ बसली असेल. झाकण हातात घेऊन इंजेक्शनची सुई वरून भोकात घातली. सुई आत गेली आणि कशाततरी मऊ रुतली. झाकण उलटं केलं. आत काळी रबराची चकती बसलेली होती. मी ती आजवर शंभरदा पाहिली असेल. गाडी जुनी घेतलेली, मला ती झाकणाचाच भाग वाटायची. सुईच्या टोकानं कड उचलली तर ती अलगद निघाली. खाली झाकणाची मूळची बुचाची कडी तशीच होती. चकती कात्रीनं कापलेली दिसत होती, कडेला जरा कोन राहिले होते.

"हे कुणी घातलं इथं?" मी म्हणालो.

ती हातातली बाटली खाली ठेवत म्हणाली, "मी."

मी तिच्याकडं बघत राहिलो.

"तुम्ही म्हणालात ना, पेट्रोल उडून जातंय. झाकण बघितलं तर त्याला वर भोक. मालकांच्या दुकानातून जुन्या ट्यूबचा तुकडा मागून आणला. बशी ठेवून गोल आखला, मग लहान करत करत बसवला." ती थांबली. "त्यानंच बंद पडत होती का?"

"हो."

"महिनाभर?"

"हो."

तिचा चेहरा उतरला. माझ्या मनात त्या वेळी राग नव्हता हे मला आजही आठवतं. काय होतं ते सांगणं अवघड आहे. जेवताना मी सहज बोललेलं एक वाक्य या बाईनं ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं, त्यावर विचार केला होता, कात्री घेऊन बसली होती. आणि मला काही सांगितलं नव्हतं. मी समजत होतो की आमच्यात काही बोलणंच होत नाही.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं? माठावर ताटली ठेवते तेव्हा सांगते का?" मग तिनं चकती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "पण तुम्ही इतके दिवस ते खालचंच खोलत बसला होतात?"

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिनं तोंड फिरवलं. पाइप बसवला, झाकण लावलं. पहिल्या किकला गाडी चालू झाली. "बर्फ वितळतोय," ती म्हणाली, आणि थर्मास उचलून मागं बसली. तिथून औसा ओलांडून तेरणेच्या कोरड्या पात्रापर्यंत गाडी कुठं अडखळली नाही.

छावणीत शेकडो जनावरं होती. उसाची वाढी आणि कडबा टाकलेला, मध्ये पाण्याचा टँकर उभा, वर पाचटाचे मांडव. बर्फाचं पाणी झालं होतं पण थंड होतं. मी लगेच कामाला लागलो. टोचलेलं जनावर ओळखू यावं म्हणून त्याच्या पुठ्ठ्यावर जांभळ्या औषधाचा ठिपका द्यायचा असतो. ते काम पट्टीबंधकाचं. बायकोनं न विचारता बोळा हातात घेतला. सुरुवातीला लांबून हात पुढं करायची आणि जनावरानं शेपटी हलवली की मागं सरायची. दोन दावणी झाल्यावर ती माझ्याआधी पुढं जाऊन उभी राहायला लागली.

एका टोकाला एक म्हातारी एकच गाय घेऊन बसली होती. गाय गाभण, पण फासळ्या मोजता याव्यात अशी. म्हातारी आडवी आली. "माझ्या गाईला टोचायचं न्हाई. मागं टोचली तवा गाभ गेला."

मी समजावून सांगितलं. लस कशाची, रोग काय, गाभण गाईला कसं जपून धरायचं. ती ऐकत होती पण मान नकारार्थी हलवत होती. गड्यांपैकी एकजण म्हणाला, "आजी, सरकारी डाक्टर हाय, कशाला नडायलीस?" त्यानं ती जास्तच घट्ट झाली. मी पुढच्या दावणीकडं वळणार तेवढ्यात म्हातारीनं बायकोकडं बघून विचारलं, "तू डाक्टरीण का?"

"नाही. मी ह्यांच्या घरची."

"मंग तुला काय कळतंय ह्यातलं?"

"मला काहीच कळत नाही," बायको म्हणाली. "मी सकाळी माहेरी निघाले होते. गाडी चुकली. म्हणून हे औषध मांडीवर घेऊन लातूरहून आले."

"माहेर कुठलं?"

"मुदखेड. नांदेडकडं."

"मंग माहेराला जायाचं सोडून हिकडं का आलीस?"

"ह्याला धरायला कुणी नव्हतं. नुसतं बांधून आणलं असतं तर फुटलं असतं."

म्हातारीनं थर्मासकडं बघितलं, मग तिच्या साडीकडं. साडीवर थर्मासच्या बुडाची ओली गोल खूण उमटली होती. मग तिनं हात लांबवून गाईच्या मानेवरची गोचीड काढली, जमिनीवर टाकून पायानं चिरडली.

"टोचा," ती मला म्हणाली. "पर हिला धरू द्या. तुमचे गडी लई दांडगाई करत्यात."

रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या माझ्या बायकोनं जन्मात गाय धरली नव्हती. तिनं म्हातारीनं दाखवलं तसं एक हात शिंगाला आणि एक नाकाशी धरला, डोळे मिटले. गाईनं एकदा मान झटकली, तिची बांगडी फुटली. सुई जाऊन बाहेर आली तरी तिनं डोळे उघडले नव्हते. "झालं," मी म्हणालो. म्हातारी हसली. "सोड आता. गाय काय पळून जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी बायकोला लातूरला सोडलं. कार्यालयातून ट्रंक आणि पिशवी घेतली. या वेळी नांदेडची गाडी उभी होती. ती खिडकीत बसली आणि गाडी सुटेपर्यंत आम्ही, बर्फ कुठं मिळतो आणि माठाला नवा फडका घ्यायला पाहिजे, असलं काहीतरी बोललो. ती थांबेल असं मला वाटलं होतं का, हे मी नंतर स्वतःला विचारून पाहिलं. थोडं वाटलं होतं. पण पाणी काही एका दिवसात आडाला आलं नव्हतं.

जूनमध्ये शेजारच्या तालुक्यातल्या एका छावणीत घटसर्प शिरला. तिथं लस उशिरा पोचली होती. मला मदतीला बोलावलं, आणि पाच-सहा दिवस मी तिथंच होतो. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. बैल रात्री उभा असायचा आणि सकाळी आडवा. आमच्या तेरणेकाठच्या छावणीत एकही जनावर त्या रोगानं गेलं नाही. म्हातारीच्या गाईचं काय झालं हे मात्र कळलं नाही. छावणी मोडली तेव्हा ती कधी आणि कुठल्या वाटेनं गेली कुणालाच सांगता आलं नाही.

पुढं मुदखेडच्या शाळेनं बायकोला पुन्हा बोलावलं. तिनं त्या वर्षी तिथंच शिकवलं आणि मी मिळेल त्या सुट्टीला जात राहिलो. नंतर नव्या जिल्ह्यात शिक्षकांच्या जागा निघाल्या, तिला लातूरला जागा मिळाली, आणि आम्ही तिथं बिऱ्हाड केलं. मोटारसायकल पुष्कळ वर्षं चालली. तिचे इतर आजार निघाले, पण ते सगळ्यांच्या गाड्यांना होतात तसे.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा मुदखेडला गेलो तो दिवस आठवतो. छावणीतलं काम संपवून चार दिवसांची रजा घेतली आणि गाडीवरच निघालो. अहमदपूर, लोहा करत विष्णुपुरीला आलो तेव्हा दुपार झाली होती. नव्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पुढं धरणाचं काम चाललं होतं आणि गोदावरीत डबकी का होईना पण पाणी होतं. गाडी थांबवून मी ते उगीच बघत उभा राहिलो. मग नांदेडातून मुदखेडचा रस्ता धरला.

सासरे ड्यूटीवर होते. बायकोनं दार उघडलं आणि माझ्याकडं नखशिखांत बघितलं. भुवयांपर्यंत धूळ बसली होती.

"आधी अंघोळ करा," ती म्हणाली.

मोरीत दोन बादल्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. मी एका बादलीतलं पाणी घेतलं, तेही तांब्या अर्धा भरून, जपून जपून. दुसरीला हात लावला नाही. ओल्या अंगानं बाहेर आलो तर ती टॉवेल घेऊन उभी होती. तिनं आत डोकावून बघितलं.

"अहो, तीही तुमच्यासाठीच भरली होती," ती म्हणाली.

मी परत आत गेलो आणि दुसरी बादली डोक्यावर रिकामी केली.